मराठीचा तास आणि मागचा बाक

शिक्षक वर्गात एकटाच असतो, असे बाहेरच्यांना वाटते. शिकाऊ शिक्षकाच्या वर्गात मात्र आणखी एक माणूस असतो. तो मागच्या बाकावर बसतो. त्याच्या हातात पाठ टाचणाची वही असते आणि तास संपेपर्यंत तो काही बोलत नाही. बी.एड.च्या भाषेत त्याला पाठ निरीक्षक म्हणतात. आम्ही उर्दूवाले त्याच्या कामाला मुआयना म्हणतो. निगरानी असाही एक शब्द आहे आणि मला तो जास्त आवडतो. मुआयन्यात तपासणी आहे, निगरानीत सांभाळणे आहे.

या लेखात मला त्या मागच्या बाकाविषयी लिहायचे आहे. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे मराठी कच्चे राहते, ही तक्रार आपण सगळेच करतो. मुले आळशी, पालक बेफिकीर, शिक्षक कामचुकार, अशी कारणेही देतो. पण मराठी शिकवणारा शिक्षक कसा घडतो, त्याचे पहिले पाठ कोण पाहते आणि पाहताना काय पाहते, हा प्रश्न आपल्या सभा-संमेलनांत कधी निघालेला मी ऐकला नाही.

मी अकोल्याची. बी.एड. अमरावतीला केले, तेव्हा ते एक वर्षाचे होते. उर्दू आणि मराठी या माझ्या दोन अध्यापन पद्धती. रोज अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडी आणि तिथून पुढे अमरावती. मूर्तिजापूर येईपर्यंत टाचणातली उद्दिष्टे लिहून व्हायची आणि बडनेरा येईपर्यंत फलक लेखन. आज मी अकोल्यातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आता छात्राध्यापक आमच्या शाळेत पाठ घ्यायला येतात आणि मागच्या बाकावर बसण्याची पाळी माझ्यावर येते. त्यामुळे हा बाक मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

सराव पाठ म्हणजे काय, हे ज्यांनी बी.एड. केलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी सूक्ष्म अध्यापन असते. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, म्हणजे प्रश्न विचारणे, फळ्यावर लिहिणे, चेतक बदल किंवा प्रबलन. आपल्याकडे त्याचे ३६ मिनिटांचे चक्र ठरलेले आहे. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण ऐकायचे, बारा मिनिटांत नवे नियोजन करायचे, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे ऐकायचे. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती बसतात. ते शहाण्यासारखी उत्तरे देतात, त्यामुळे सगळे छान पार पडते.

नंतर खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचे. टाचणाचा साचा हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या शिष्यांनी रूढ केलेल्या पंचपदीवरून आलेला. प्रस्तावना, हेतुकथन, आदर्श वाचन, प्रकट वाचन, शब्दार्थ, संकलन, गृहपाठ. उर्दूच्या टाचणात याच पायऱ्या तमहीद आणि एलान-ए-सबक अशा नावांनी येत आणि फळ्याचा तख्ता-ए-सियाह होई. नावे बदलली तरी साचा तोच. अडचण तिथेच होती. उर्दूच्या वर्गात मुलगा आपल्या शाळेची भाषा शिकत असतो. मराठीच्या वर्गात तोच मुलगा दुसरी भाषा शिकत असतो. या दोन कामांना एकच टाचण कसे चालेल?

पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनी हा फरक ओळखलेला आहे. पुण्याची बालभारती ही संस्था १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढते. मराठी माध्यमाच्या दहावीला मराठीचे पुस्तक 'कुमारभारती' असते, उर्दू माध्यमाच्या दहावीला 'अक्षरभारती'. खालच्या वर्गांत आपल्या मुलांच्या हातात 'सुलभभारती' येते. म्हणजे मूल वेगळे आहे, त्याचे मराठी वेगळ्या वाटेने येणार आहे, हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच मान्य झाले आहे. पण आम्हाला मिळालेल्या टाचणात या मुलासाठी वेगळा रकाना नव्हता. 'मातृभाषेचे अध्यापन' आम्ही पानेच्या पाने शिकलो. दुसऱ्या भाषेचे अध्यापन एका प्रकरणात उरकले आणि ते परीक्षेत पर्यायाला टाकता येत होते.

आता हे मूल वर्गात काय घेऊन येते ते पाहू. अकोल्याच्या बैदपुऱ्यातले किंवा अमरावतीच्या चांदणी चौकातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. घरातली बोली पुस्तकातली उर्दू नसते. 'मेरे को पानी होना' असे आपल्याकडे लहान मूल म्हणते. हा 'होना' मराठीतल्या 'हवे'चा सख्खा भाऊ आहे. 'नक्को' तर उघडच मराठीचा. म्हणजे मराठी या मुलाच्या तोंडात पहिल्या दिवसापासून आहे. शाळेत आल्यावर त्याला साफ उर्दू शिकावी लागते, ती त्याची अर्धी परकी भाषा. बाजारात त्याच्या कानावर वऱ्हाडी पडते, 'मले', 'तुले', 'कितीले'. आणि मराठीच्या तासाला पुस्तकात 'मला', 'तुला', 'केवढ्याला' असते. चार भाषांच्या चौकात उभ्या असलेल्या या पोराला आपण 'याला भाषाच येत नाही' असे म्हणतो.

त्याच्या चुका बारकाईने पाहिल्या तर त्यांत शिस्त दिसते. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. त्यामुळे 'माझा घर', 'मोठा झाड' आणि 'माझी पुस्तक' असे तो म्हणतो, कारण किताब स्त्रीलिंगी आहे. उर्दूत 'घर में' म्हणताना 'घर' बदलत नाही, मराठीत 'घर'चे 'घरा' होऊन मग प्रत्यय लागतो. म्हणून त्याच्या वहीत 'घरमध्ये' आणि 'झाडवर' सापडते. उर्दूतल्या एका 'हम'चे मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन तुकडे होतात. त्यामुळे तो मला घरी बोलावताना प्रेमाने म्हणतो, 'मॅडम, आम्ही आमच्या घरी जाऊ या.' या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्याने आपल्या भाषेचा नियम इमानदारीने मराठीला लावलेला असतो. ज्या शिक्षकाला हे माहीत आहे, तो 'घर, घरात, घरावर, घरातून' असा खेळ आठवडाभर घेईल. ज्याला माहीत नाही, तो लाल शाईने गोल काढील.

हे शिक्षकाला कोणी सांगायचे? पुस्तक थोडे सांगते. बाकीचे मागच्या बाकावरून आले पाहिजे.

माझ्यासोबत शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या वहीत एका निरीक्षकांनी लिहिले होते, 'उच्चार अशुद्ध. ळ कडे लक्ष द्यावे. घरी मराठी बोलावे.' तिने 'शाळा'चा उच्चार 'शाला' असा केला होता. त्याच दिवशी दुसऱ्या वर्गात खेड्यातून आलेल्या एका छात्राध्यापकाने तीनदा 'शाया' म्हटले. वऱ्हाडात ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या वहीत त्याच निरीक्षकांचा शेरा होता, 'बोलीचा प्रभाव टाळावा.' दोघांचाही ळ निसटला होता. एकाची ती बोली ठरली, दुसरीची ती अशुद्धता ठरली आणि वर घरात काय बोलावे याचा सल्ला मिळाला. मैत्रीण त्या दिवशी परतीच्या गाडीत गप्प बसून होती. पुढचे पाठ तिने 'शाळा', 'फळा', 'वेळ' हे शब्द चुकवत घेतले. म्हणजे ज्या शब्दांचा सराव व्हायला हवा होता तेच तिच्या तोंडून गेले. ळ म्हणताना जिभेचे टोक वर वळवून टाळूला लावायचे, एवढे कोणी करून दाखवले असते तर दहा मिनिटांचे काम होते.

दुसऱ्या निरीक्षक वयाने मोठ्या होत्या, मराठीच्या जुन्या शिक्षिका. त्या मागच्या बाकावर न बसता खिडकीकडच्या रांगेत मुलींच्या शेजारी बसल्या. माझा पाठ संपल्यावर त्यांनी वही लगेच परत दिली नाही. एका चिठ्ठीवर त्यांनी वर्गाचा नकाशा काढला होता. प्रत्येक बाकासाठी एक चौकोन आणि जे मूल मराठीत बोलले त्याच्या चौकोनात एक रेघ. पुढच्या दोन रांगांत रेघा होत्या, मागे पांढरा कागद. त्या एवढेच म्हणाल्या, 'बेटा, तुझा पाठ चांगला झाला. पण हा पाठ कोणी कोणी केला ते बघ.' त्यांना उर्दू येत नव्हते. 'बेटा' मात्र त्या अगदी आपल्यासारखा म्हणत. ती चिठ्ठी मला चाळीस शेऱ्यांपेक्षा जास्त शिकवून गेली.

काही वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीसाठी जपानी शिकू लागला. सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, 'बाजी, आमच्या मॅडम मराठी घरातल्या आहेत. पण पहिल्या दिवसापासून वर्गात जपानीच बोलतात, आणि आम्हाला कळते.' मला नवल वाटले. चारी बाजूंनी मराठी असलेल्या अकोल्यात आम्ही मराठीचा तास उर्दूत समजावून घेतो आणि पुण्यात बसून कोणी जपानी जपानीतून शिकवते! मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले.

जपानी आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. 'मी भात खाते' याला जपानीत 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु' म्हणतात. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद, हा क्रम मराठीत, उर्दूत आणि जपानीत सारखाच. आपल्या विभक्ती प्रत्ययांसारखे छोटे शब्द तिथेही नामाच्या मागे येतात. 'त्सुनामी'तला त्सु मराठी माणसाला जड जात नाही, कारण 'चांगला'तला च त्याच्या जवळचा आहे. २०१७ च्या सप्टेंबरात भारत आणि जपान यांच्यात जपानी भाषेच्या शिक्षणाबाबत करार झाला. पाच वर्षांत भारतातल्या शंभर उच्च शिक्षण संस्थांत अभ्यासक्रम आणि एक हजार शिक्षकांचे प्रशिक्षण, असे त्याचे उद्दिष्ट होते. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाट या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले जपानी शिकत असल्याची बातमी २०२० मध्ये आली होती. कोणती परकी भाषा शिकायची असे विचारल्यावर रोबोट आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली होती.

पण मला महत्त्वाचे वाटले ते त्या शिक्षकांना घडवण्याचे काम. जपानने २०२३ मध्ये एक कायदा केला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. परकीयांना जपानी शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकवायचे असेल तर शिक्षकाची नोंदणी हवी. त्यासाठी परीक्षा आहे आणि परीक्षेबरोबर प्रत्यक्ष वर्गातले प्रशिक्षण आहे. त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. आधी दुसऱ्याचा वर्ग बसून पाहायचा. मग पाठाची तयारी. मग नमुना पाठ. मग खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणे आणि शेवटी सगळ्याचा आढावा. माझी मातृभाषा जपानी आहे, मी शिकवू शकतो, असे म्हणून तिथे भागत नाही. भाषा येणे ही एक गोष्ट, ती न येणाऱ्याला शिकवणे ही दुसरी. आपल्याकडे मात्र ज्याला मराठी येते तो मराठी शिकवू शकतो, असे धरून चाललो आहोत.

त्यांच्या टाचणाचाही एक गुण आहे. शिक्षक काय बोलणार आणि विद्यार्थी काय बोलणार, हे समोरासमोर लिहिण्याची रीत तिथे आहे. नवा शिक्षक वर्गात आधी शिकवून झालेल्या शब्दांतच बोलायचा प्रयत्न करतो. नवा शब्द चित्राने, हावभावाने, वस्तूने येतो. मामेभावाला कळत होते ते यामुळे. शिवाय त्या भाषेच्या परीक्षेचे पाच स्तर आहेत. एन-५ सर्वांत सोपा, एन-१ सर्वांत अवघड. विद्यार्थी कोठे उभा आहे हे शिक्षकाला माहीत असते. आमच्याकडे नववीच्या एका वर्गात 'माझे नाव' यापुढे न गेलेले मूल आणि मराठी वर्तमानपत्र वाचणारे मूल शेजारी बसतात आणि दोघांच्या हातात तीच अक्षरभारती असते.

जपानमधल्या शाळांत आणखी एक जुनी चाल आहे. तिला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. शंभराहून जास्त वर्षांची ही परंपरा आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात आणि नंतर सगळे बसून चर्चा करतात. पाहणारे शिक्षकाला कमी आणि मुलांना जास्त पाहतात. अमुक मुलगा कोठे अडला, अमुक मुलीने काय लिहून खोडले. पाठ सगळ्यांनी मिळून केलेला असतो, त्यामुळे फसला तर एकट्याची फजिती होत नाही. हे वाचताना मला माझ्या जुन्या मॅडमची चिठ्ठी आठवली. जपानचे नावही न काढता त्या तेच करीत होत्या.

हे सगळे परके आहे असेही नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. वर्धा आपल्या बडनेऱ्याहून रेल्वेने जवळच. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, दिल्लीच्या जामियात शिक्षक घडवण्यासाठी 'उस्तादों का मदरसा' सुरू झाला. उस्तादालाही मदरसा लागतो, हे त्या नावातच आले. आपल्या बुजुर्गांनी ही गोष्ट तेव्हा ओळखली होती.

मग आज अडते कुठे? कागदावर तर सुधारणा झाली आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतली आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, एकूण वीस आठवड्यांची ठरली. वीस आठवडे म्हणजे थोडा काळ नव्हे. पण मी अशा शाळा पाहिल्या आहेत जिथे छात्राध्यापक आले की रजेवरच्या शिक्षकांचे तास त्यांना वाटले जातात, निकालपत्रके त्यांच्याकडून भरून घेतली जातात आणि शेवटच्या दिवशी वह्यांच्या गठ्ठ्यावर एकदम सह्या होतात. मागचा बाक रिकामाच असतो.

नोकरी लागल्यावर तर विचारूच नका. २००० पासून आपल्याकडे शिक्षणसेवक योजना आहे. नवा शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकला सोळा हजार आणि माध्यमिकला अठरा हजार झाले. तीन वर्षे पाहून मग कायम करायचे असेल, तर त्या तीन वर्षांत त्याचा तास कोणी किती वेळा पाहिला? माझ्या ओळखीच्या शिक्षणसेवकांना मी हा प्रश्न विचारते. हजेरी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, यांची तपासणी झाल्याचे सगळे सांगतात. अख्खा तास बसून पाहिल्याचे फार थोडे सांगतात.

आमच्या शाळेत आम्ही तिघी-चौघींनी एक लहानसा प्रयत्न सुरू केला आहे. छात्राध्यापक असतात त्या आठवड्यांत एक तास ठरवून घेतो. मी मराठीची, एक उर्दूची, एक गणिताची, अशा आम्ही वर्गात बसतो. प्रत्येकीने चार मुले वाटून घ्यायची आणि त्यांनाच पाहायचे. नंतर स्टाफरूममध्ये चहा घेत अर्धा तास बोलायचे. नियम दोनच. पहिल्यांदा छात्राध्यापिका स्वतः बोलेल. आणि आम्ही तिच्याविषयी नव्हे, मुलांविषयी बोलू.

एका छात्राध्यापिकेने बाजाराचे चित्र लावून पाठ घेतला. 'हे काय आहे?' असे ती विचारी, मुले 'वांगी', 'टमाटर' असे एका शब्दात ओरडत. वर्ग जिवंत वाटत होता. एका मुलाने कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवून 'सांभार' म्हटले. तिने हसून 'कोथिंबीर म्हण' असे सांगितले, त्यानंतर तो बोलला नाही. चहाच्या वेळी आमच्या गणिताच्या बाजी म्हणाल्या, 'तो पोरगा बापाच्या भाजीच्या गाडीवर बसतो. सगळ्या वर्गात बाजाराचे मराठी त्यालाच जास्त येते.' मग टिपणे एकत्र केली. छत्तीस मुलांपैकी अकरा बोलली होती आणि पूर्ण वाक्य फक्त दोघांनी केले होते.

पुढच्या आठवड्यात तिने तोच पाठ नव्याने बांधला. फळ्यावर 'सांभार' आणि 'कोथिंबीर' शेजारी शेजारी लिहिले, त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह काढले. मुलांच्या जोड्या केल्या, एक विकणारा, एक घेणारा. भाजीवाल्याच्या पोराला पहिला दुकानदार केले. तो 'कितीले' म्हणाला की गिऱ्हाईक 'केवढ्याला' म्हणे. दोन्ही चालत होते. मी वाटून घेतलेल्या मुलींपैकी एक वर्षभर मराठीत हूं की चूं न करणारी. ती दुकानासमोर उभी राहिली, भाजी हातात घेऊन पाहिल्यासारखे केले आणि म्हणाली, 'मावशी, वांगी ताजी नाहीत.' चार शब्दांचे वाक्य. पण 'वांगी' अनेकवचनी आहे हे तिला कळले होते आणि 'नाहीत'ही बरोबर लागले होते. कोणीही तिला व्याकरण सांगितले नव्हते. मी वहीत ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले.

आता हे एवढे महत्त्वाचे का, ते सांगते. तलाठ्याच्या परीक्षेत मराठीचा भाग असतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. तहसीलचा अर्ज मराठीत, ग्रामपंचायतीची नोटीस मराठीत, दवाखान्यातल्या सिस्टरचे बोलणे मराठीत. दहावीला मराठीत साठ गुण मिळवलेली आपली मुलगी खिडकीवर गेली की बोलायला भाऊ किंवा चाचा लागतो. मग घरात बोलणे होते, उर्दू शाळेत घालून चूक झाली, धाकट्याला इंग्रजीत घाला. उर्दू शाळेची पटसंख्या उतरण्याची कारणे अनेक आहेत, त्यांतले हे एक मी रोज ऐकते. पालक उर्दूवर नाराज नसतात. मराठीचा तास फुकट गेला म्हणून ते उर्दू शाळा सोडतात. ज्यांना उर्दू टिकावी असे मनापासून वाटते, त्यांनी आधी शाळेतल्या मराठीच्या तासाची काळजी केली पाहिजे.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे गुजराती, सिंधी, तेलुगू, हिंदी घरांतली मुले मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणार. त्यांच्या शिक्षकांना लागणारा अनुभव आपल्या उर्दू शाळांत कित्येक वर्षे साठलेला आहे. 'घरमध्ये' ते 'घरात' हा रस्ता आपल्या इतका कोणी चाललेला नाही. तो नीट लिहून काढला तर आपण फक्त मागणारे राहणार नाही, देणारेही होऊ.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मराठी पद्धती घेणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाने निदान काही पाठ उर्दू किंवा अन्य माध्यमाच्या शाळेत दुसरी भाषा म्हणून घ्यावेत. टाचणात मुले काय बोलतील याचा रकाना असावा. निरीक्षकाने शेरा लिहिण्याआधी कोणते मूल बोलले हे मोजावे. शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांत दर महिन्याला एक जाणता सहकारी त्याच्या वर्गात अख्खा तास बसावा. आपल्या संस्थाचालकांनी इमारतीच्या रंगाइतकेच याकडेही लक्ष द्यावे. निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षकांना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, आदराने बोलवावे. माझा अनुभव आहे, ती माणसे येतात.

छात्राध्यापिका पाठ संपला की घाईने वही पुढे करते, सहीसाठी. मी तिला आधी बसायला सांगते, पाणी देते आणि विचारते, 'आज कोण बोलले नाही?' पहिल्या दिवशी तिला सांगता येत नाही. आंतरवासितेच्या शेवटच्या आठवड्यात ती नावे सांगू लागते, पहिल्या रांगेतली नव्हे, शेवटच्या रांगेतली. त्यानंतरच मी सही करते.